पॉ पॉच्या बोगद्यातून पायी

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी तुम्हाला एका बोगद्यातून चालत नेणार आहे. हा बोगदा खोदला गेला नावांसाठी, म्हणजे बोटींसाठी. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात, ॲलेगनी काउंटीत, पोटोमॅक नदीच्या काठी एक डोंगर आहे. त्या डोंगराच्या पोटातून कालवा आरपार नेलेला आहे, आणि कालव्याच्या कडेने एक अरुंद वाट. लांबी ३,११८ फूट, म्हणजे साधारण ९५० मीटर. नदीपलीकडे पॉ पॉ नावाचं छोटं गाव आहे, त्यावरून या बोगद्याला पॉ पॉ बोगदा म्हणतात. गाव आज वेस्ट व्हर्जिनियात मोडतं. बोगदा खोदला तेव्हा ते राज्यच नव्हतं. पलीकडचा काठ व्हर्जिनियाचा होता.

आधी डोंगर पोखरण्याची वेळ का आली ते सांगतो. आज वॉशिंग्टन शहरात मोडणाऱ्या जॉर्जटाउनपासून पश्चिमेला कंबरलंडपर्यंत चेसापीक आणि ओहायो कालवा जातो. लांबी १८४.५ मैल, म्हणजे तीनशे किलोमीटरला थोडी कमी. मूळ बेत याहून मोठा होता, पार ओहायो नदी गाठायचा. ४ जुलै १८२८ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी पहिली कुदळ मारली. कालवा नदीच्या काठाकाठाने वर चढत आला आणि इथे अडला. या भागात पोटोमॅक घोड्याच्या नालेच्या आकाराची लागोपाठ पाच वळणं घेते. वळणांचा हा पट्टा सहा मैलांचा. काठाला उभे कडे, त्यांच्या पायथ्याशी कालव्याला जागा नाही. इंजिनिअर मंडळींनी ठरवलं, वळणं सोडून द्यायची आणि डोंगरातून सरळ जायचं. कागदावर हा विचार अगदी बिनतोड होता.

चला, आत जाऊ. बहुतेक लोक वरच्या अंगाने, म्हणजे कंबरलंडच्या बाजूने येतात. गाडी लावायच्या जागेपासून अर्धा-पाऊण मैल कालव्याच्या काठाने चाललं की बोगद्याचं दगडी तोंड समोर येतं. हातात विजेरी हवीच. आत दिवे नाहीत. बोगदा सरळ रेषेत असल्यामुळे पहिल्या पावलापासूनच पलीकडच्या तोंडाचा उजेड दिसतो, पण अगदी एवढासा ठिपका. तो ठिपका फसवा असतो. टोक जवळ आहे असं वाटत राहतं आणि चालून चालून तो मोठा काही होत नाही. पंधरा-वीस मिनिटं सहज लागतात. मधल्या भागात विजेरी विझवली तर स्वतःचा हात दिसत नाही.

वाट खडबडीत आहे. मध्येमध्ये पाणी साचलेलं असतं, वरून थेंब पडत असतात. एका अंगाला विटांची भिंत, दुसऱ्या अंगाला लाकडी कठडा, कठड्याच्या खाली कालव्याचं काळं पाणी. दोन माणसांना शेजारून जायचं तर अंग चोरावं लागतं. समोरून कोणी आलं की आधी आवाज येतो, मग हलता उजेड आणि मग माणूस.

आता माझं एक ऐका. विजेरी थोडी खाली धरा आणि त्या कठड्याकडे बघा. लाकडात खाचा पडलेल्या आहेत. काही उथळ, काही इतक्या खोल की बोट आत जातं. हे दोरांचं काम आहे. वाटेवरून खेचरं चालायची, त्यांच्या जोखडापासून लांब दोर मागे नावेपर्यंत जायचा, आणि तो दोर कठड्यावरून घासत राहायचा. दोर ओला असे, त्यात वाळू रुतलेली असे. एकेका नावेबरोबर तो कानशीसारखा लाकडावरून फिरला. एका दोराने काही होत नाही, पण वर्षानुवर्षं शेकडो नावा गेल्या आणि लाकूड झिजत गेलं. या बोगद्यात बघण्यासारखं खूप आहे, पण मला विचाराल तर या खाचांइतकं मोलाचं काहीच नाही. ज्यांनी इथे आयुष्य काढलं त्यांतल्या बहुतेकांची नावं कुठे नोंदलेली नाहीत. त्यांच्या रोजच्या कामाची खूण मात्र इथे हाताला लागते.

खोदाईची गोष्ट आता सांगतो, कारण तिच्याशिवाय या भिंती कळत नाहीत.

काम सुरू झालं १८३६ साली. कंत्राट मिळालं ली माँटगोमेरी यांना. हे गृहस्थ मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक, आणि बोगद्याच्या कामाचा अनुभव असलेले. त्यांचा अंदाज असा की दिवसाला सात-आठ फूट खोदाई होईल आणि दोनेक वर्षांत बोगदा पुरा होईल. खर्चाचा अंदाज होता सुमारे ३३,५०० डॉलर. डोंगराला हा हिशेब मान्य नव्हता. आतला दगड निघाला शेल, म्हणजे थराथरांचा, पापुद्रे सुटणारा. थर तिरपे बसलेले. असा दगड फोडायला सोपा वाटतो, पण तो हवा तिथे थांबत नाही. एक थर मोकळा केला की वरचा थर त्याच्यावरून घसरून खाली येतो. छत कुठे धरेल, कुठे कोसळेल, काही भरवसा नाही. पुढे सगळ्या बोगद्याला विटांचं अस्तर द्यावं लागलं ते याचमुळे. साठ लाखांहून जास्त विटा या अस्तरात गेल्या.

हत्यारं कोणती होती ते लक्षात घ्या. डायनामाइट अजून जन्माला यायचं होतं. नोबेल यांनी त्याचं पेटंट घेतलं १८६७ साली. वाफेवर किंवा हवेवर चालणारी छिद्रं पाडायची यंत्रंही इथे नव्हती. एकाने पहार धरायची, दुसऱ्याने घण मारायचा, छिद्र पुरेसं खोल झालं की काळी दारू ठासायची, वात लावायची आणि पळायचं. धूर बसला की परत आत जाऊन दगड उपसायचा. दोन्ही तोंडांकडून खोदाई चालू होती. शिवाय डोंगराच्या माथ्यावरून खाली उभे शाफ्ट खणले होते, त्यांच्या तळातूनही दोन्ही दिशांना माणसं खोदत होती. फोडलेला दगड त्याच शाफ्टमधून वर ओढून काढायचा. एवढ्या आघाड्या उघडूनही दिवसाचा हिशेब आठवड्यावर गेला. समोरासमोरचे खणणारे एकमेकांना भेटले तेव्हा १८४० साल उजाडलं होतं.

आणि ही माणसं? कष्टाचं काम बरंचसं आयर्लंडहून आलेल्या मजुरांच्या अंगावर होतं. माँटगोमेरी यांनी इंग्लंडमधून गवंडी आणले, इंग्लिश आणि वेल्श खाणकामगार आणले, जर्मन मजूरही होते. आपापल्या देशातली जुनी भांडणं बरोबर आलेली, त्यात रोजगार जाण्याची भीती, आणि त्यात पगार थकलेला. मारामाऱ्या झाल्या, कामं बंद पडली, मिलिशियाच्या, म्हणजे स्थानिक नागरी सैन्याच्या, तुकड्या बोलावल्या गेल्या. हे काही या डोंगरापुरतंच नव्हतं. याच कालव्यावर खाली विल्यम्सपोर्टजवळ १८३४ च्या जानेवारीत आयरिश मजुरांच्या दोन गटांत दंगल पेटली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी केंद्राचं सैन्य पाठवलं. कामगारांच्या तंट्यात अमेरिकेच्या केंद्र सरकारने सैन्य उतरवण्याचा तो पहिलाच प्रसंग मानला जातो. कागदपत्रांत या मजुरांचा उल्लेख येतो तो बहुतेक दंगेखोर म्हणून. मला हे वाचताना दर वेळी वाईट वाटतं. महिनोन्महिने पगार नाही, आणि मिळाला तर कालवा बांधणाऱ्या कंपनीने स्वतः छापलेल्या कागदी वचनचिठ्ठ्यांत, ज्यांची बाजारात पुरी किंमत कोणी देत नाही. असल्या स्थितीत माणूस घण खाली टाकून चिडला, तर त्याला नुसतं दंगेखोर म्हणून सोडून देता येत नाही.

१८३७ साली देशात मोठी मंदी आली. कंपनीची तिजोरी आधीच हलकी होती, ती रिकामी झाली. माँटगोमेरी स्वतः कर्जात बुडाले. १८४२ मध्ये काम पार थांबलं आणि आरपार खोदलेला बोगदा वर्षानुवर्षं तसाच पडून राहिला. दशक संपता संपता पैशांची नवी जुळवाजुळव होऊन उरलेलं काम, मुख्यतः अस्तराचं, हाती घेतलं गेलं. १० ऑक्टोबर १८५० रोजी कंबरलंडपर्यंतचा कालवा खुला झाला. दोन वर्षांचं काम चौदा वर्षांनी पुरं झालं. बोगद्याचा खर्च गेला सहा लाख डॉलरच्या वर.

आणि आता या गोष्टीतली सगळ्यात बोचणारी बाब. ज्या दिवशी, ४ जुलै १८२८ रोजी, ॲडम्स यांनी कालव्याची कुदळ मारली, त्याच दिवशी बाल्टिमोरमध्ये बाल्टिमोर आणि ओहायो रेल्वेच्या कामाचा मुहूर्त झाला. दोघांनाही पश्चिमेला जायचं होतं, दोघांनाही पोटोमॅकच्या खोऱ्यातली तीच चिंचोळी जागा हवी होती. चार वर्षं कोर्टकज्जे झाले आणि १८३२ साली निकाल कालव्याच्या बाजूने लागला. पण जागा जिंकून काय होतं! रेल्वे कंबरलंडला पोचली १८४२ साली, म्हणजे कालव्याच्या आठ वर्षं आधी. बोगदा जेव्हा अर्धवट पडलेला होता, तेव्हाच गाड्या कंबरलंडला धावू लागल्या होत्या. ओहायो नदीचा बेत मग कंपनीने सोडूनच दिला.

म्हणून या बोगद्याबद्दल लिहिताना तो जन्मतःच शिळा होता, पैशांची नासाडी होती, असा सूर लागतो. आकडे पाहिले तर तो खोटा म्हणता येत नाही. तरी मला तो पुरेसा वाटत नाही. कालवा १८५० पासून १९२४ पर्यंत चालला. चौऱ्याहत्तर वर्षं! कंबरलंडच्या डोंगरांतला कोळसा याच अंधारातून वॉशिंग्टनकडे गेला. एका नावेत शंभर-सव्वाशे टन माल. १८७० च्या दशकात तर शेकडो नावा या मार्गावर होत्या. जी गोष्ट तीन पिढ्यांना काम देते, तिचा निकाल तिच्या उद्‌घाटनाच्या तारखेवर लावायचा का? आणि ज्यांचे पगार बुडाले त्यांच्या हाताखालून निघालेल्या या भिंती बघा. विटेला वीट कशी बसली आहे, कमान कशी सारखी वळत गेली आहे! मागे साचणारं पाणी वाहून जावं म्हणून अस्तरात भोकं ठेवली आहेत, त्यांतून आजही पाणी झरतं. हिशेब चुकला तो कागदावर. भिंत रचणाऱ्याने आपला हिशेब चोख ठेवला.

नावांवर कोण असे, तेही सांगायला हवं. बहुतेक वेळा एक अख्खं कुटुंब. नाव नव्वद-पंच्याण्णव फूट लांब, साडेचौदा फूट रुंद, मागच्या अंगाला छोटी खोली, तीत स्वयंपाक, तीत झोपणं. पुढच्या अंगाला खेचरांचा तबेला. खेचरांच्या दोन पाळ्या असत. एक पाळी सहा तास ओढायची, तोवर दुसरी नावेवर विसावा घ्यायची, मग अदलाबदल. खेचरांबरोबर चालायचं काम पुष्कळदा मुलांकडे. दहा-बारा वर्षांचं पोर, बऱ्याचदा अनवाणी, दिवसाकाठी पंधरा-वीस मैल. पाण्यात पडू नयेत म्हणून लहान मुलांना नावेवर दोरीने बांधून ठेवत. कंबरलंडहून जॉर्जटाउनला पोचायला साधारण आठवडा लागे.

तुम्ही बोगद्यातून चालता ना, तेव्हा त्या पोराच्या वाटेवरून चालता. आणि जवळजवळ त्याच्याच वेगाने. माल भरलेली नाव ओढणारं खेचर माणसाच्या चालीपेक्षा जोरात जात नाही. जुन्या वास्तू आपण बहुधा बाहेरून बघतो, वर मान करून बघतो. इथे तुमचे पाय तेच करतात ज्यासाठी ही वाट बांधली होती. म्हणून मी लोकांना आग्रहाने सांगतो की सायकल असेल तर उतरा, आणि पायीच जा.

बोगद्यात एका वेळी एकच नाव मावते. समोरून दुसरी आली तर कोणी तरी मागे सरायला हवं, आणि भरलेली नाव अंधारात मागे ढकलणं म्हणजे शिक्षाच. याची एक गोष्ट कालव्यावरची माणसं सांगत आली आहेत. दोन नावा आत समोरासमोर आल्या, दोन्ही कप्तान हटून बसले. मागे सगळी वाहतूक तुंबली. दोघांनी आतच मुक्काम ठोकला. शेवटी कालव्याच्या अधिकाऱ्याने वाऱ्याच्या बाजूच्या तोंडाशी मोठा जाळ केला आणि त्यावर मक्याची ओली ताटं टाकली. धुराने बोगदा भरला आणि दोघे खोकत बाहेर आले. गोष्ट सांगता सांगता वाढली असेल. पण आत उभं राहून ती आठवली की तिच्यातला हट्ट आणि धूर दोन्ही खरे वाटतात.

आता ठिपका मोठा होऊ लागला आहे. पलीकडचं तोंड आलं. बाहेर पडलं तरी मोकळं आकाश एकदम मिळत नाही, कारण पुढे डोंगरात खोल खाच कापलेली आहे आणि दोन्ही अंगांना दगडी भिंती उभ्या आहेत. इथे थांबून त्या खडकाकडे नीट बघा. आत विटांनी झाकलेला दगड कसा आहे ते इथे उघडं दिसतं. तिरपे थर, एकावर एक टेकलेले. पाऊस आणि थंडीतलं गोठणारं पाणी फटींत शिरतं, थर सुटतात आणि दगड खाली येतात. दीडशेहून जास्त वर्षं ही तक्रार चालू आहे. अलीकडेही सैल झालेले खडक उतरवण्यासाठी हा पट्टा लांबलचक काळ बंद ठेवावा लागला होता. खाचेत काही अंतर तुम्ही लाकडी फळ्यांच्या वाटेने चालता.

थोडं पुढे गेलात की लॉक लागतात. लॉक म्हणजे दोन दारांमध्ये कोंडलेलं पाणी. त्याची पातळी चढवून किंवा उतरवून नाव वरच्या टप्प्यावर घ्यायची किंवा खालच्या टप्प्यावर सोडायची. अख्ख्या कालव्यावर असे ७४ लॉक आहेत आणि सगळ्यांना क्रमांक आहेत. इथल्या लॉकांचे क्रमांक मात्र विचित्र आहेत: ६३ पूर्णांक एक तृतीयांश, मग ६४ पूर्णांक दोन तृतीयांश, आणि मग एकदम ६६. पासष्टावा लॉक कुठेच नाही. झालं असं की पैसे वाचवायला कंपनीने इथला एक लॉक गाळला आणि बाकीच्यांची चढण थोडीथोडी वाढवली. पण वरच्या लॉकांचे क्रमांक आधीच ठरून गेलेले, सगळी कागदपत्रं त्याप्रमाणे झालेली. मग मधल्या लॉकांना अपूर्णांक देऊन मेळ घातला. टंचाईच्या काळाची याहून बोलकी नोंद मी कुठल्या अहवालात वाचलेली नाही.

कालव्याचा शेवट पुरांनी केला. १८८९ च्या पुराने तो इतका मोडला की कंपनी उठली ती परत उभी राहिली नाही. कारभार गेला त्याच रेल्वे कंपनीच्या हातात, जिच्याशी जन्मभर शर्यत होती. १९२४ च्या पुरानंतर नावा कायमच्या थांबल्या. १९३८ साली सरकारने कालवा विकत घेतला. पुढे त्याच्या जागेवर मोटारींसाठी रस्ता करण्याचा बेत निघाला आणि १९५४ च्या जानेवारीत वॉशिंग्टन पोस्टने अग्रलेखात त्याला पाठिंबाही दिला. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी वृत्तपत्राला पत्र लिहिलं: अग्रलेख लिहिणाऱ्याने माझ्याबरोबर हा कालवा पायी चालून बघावा. निमंत्रण स्वीकारलं गेलं. मार्चमध्ये कंबरलंडहून मंडळी निघाली. सगळेच्या सगळे १८४.५ मैल चालून पुरे करणारे फक्त नऊ जण निघाले, पण वृत्तपत्राने आपली भूमिका बदलली आणि रस्त्याचा बेत मागे पडला. १९७१ साली हा सगळा पट्टा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. कालवा वाचला तो चालण्याने वाचला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

जाणार असाल तर दोन-चार गोष्टी ध्यानात ठेवा. विजेरी चांगली घ्या, मोबाईलच्या उजेडावर विसंबू नका. बूट असे घाला की ओले झाले तर चालतील. बाहेर कितीही ऊन असलं तरी आत गारवा असतो, अंगावर काही तरी असू द्या. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना भिंतीच्या अंगाला ठेवा. आणि दरडींमुळे वाट बंद नाही ना, याची उद्यानाकडे आधी चौकशी करा.

परत येताना बोगद्यातून येऊ नका. डोंगरावरून एक पायवाट आहे, साधारण दोन मैलांची, चांगली चढणीची. तिच्या कडेला झाडीत दगडमातीचे ढिगारे दिसतात. त्यांवर आता झाडं वाढली आहेत, पण ते टेकाड निसर्गाचं नाही हे लक्षात येतं. शाफ्टमधून वर काढलेला बोगद्याचा दगड तो हाच. खाली जी पोकळी तुम्ही चालून आलात, तिच्यातला माल इथे पडलेला आहे. एक तुकडा उचलून पाहा. नखाने पापुद्रा सुटतो. पाहून झालं की जागच्या जागी ठेवा. उद्यानातून दगड न्यायला परवानगी नाही.

नमस्कार.